नवे शहर आणि कॉफीगृह

माणूस नव्या शहरात जातो तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपडे असतात, खिशात एखाद्या दूरच्या नातलगाचा पत्ता असतो आणि मनात धाकधूक असते. बेळगावचा विद्यार्थी बंगळूरला निघो, ग्वाल्हेरचा कारकून जबलपूरला बदलून जावो, अथवा बडोद्याची शिक्षिका मुंबईस नोकरीवर रुजू होवो, राहण्याची खोली कशीबशी मिळते. परंतु खोली म्हणजे शहर नव्हे. शहरात बसावयास एक जागा लागते. जेथे ‘आपण कोण, कोणाकडचे’ असे कोणी विचारीत नाही आणि एका पेल्याच्या मोलात तासभर वर्तमानपत्र वाचू देतात, अशी जागा. ती सापडली की परके गाव थोडे आपले वाटू लागते. म्हणूनच काही माणसे नव्या शहरी पाऊल टाकण्यापूर्वीच तेथील कॉफीगृहांची चौकशी करून ठेवतात आणि एकेक पाहण्याचे बेत आखतात. घरची वडीलधारी मंडळी याला चैन म्हणतात. इतिहास मात्र या उत्सुक नवख्याचीच बाजू घेतो. कारण कॉफीगृह ही संस्था पुष्कळ ठिकाणी नव्या शहरात आलेल्या परक्या माणसांनीच उभी केलेली आहे.

तुर्की बखरकार पेचेवी याने लिहून ठेवले आहे की, 1555 च्या सुमारास इस्तंबूलमध्ये कॉफीची पहिली दुकाने निघाली, ती हाकेम आणि शेम्स या दोघांनी. हाकेम अलेप्पोचा, शेम्स दमास्कसचा. राजधानीत दोघेही नवखेच. शंभर वर्षांनी, 1652 साली, लंडनच्या कॉर्नहिल भागातील सेंट मायकेलच्या गल्लीत पास्क्वा रोझे याने कॉफी विकण्यास आरंभ केला. डॅनियल एडवर्ड्स नावाच्या व्यापाऱ्याने त्याला पूर्वेकडून आपला नोकर म्हणून बरोबर आणले होते. व्हिएन्नात 1685 साली कॉफी विकण्याची सनद मिळाली ती योहानेस दियोदातो या आर्मेनियन गृहस्थाला. पॅरिसचे विख्यात प्रोकोप 1686 साली स्थापन झाले; त्याचा धनी फ्रांचेस्को प्रोकोपिओ हा मूळचा सिसिलीचा. चार राजधान्या, आणि चारही ठिकाणी चूल पेटविली ती बाहेरून आलेल्यांनी!

यात नवल वाटण्याजोगे फारसे काही नाही. परक्या माणसापाशी जमीन नसते, नात्यागोत्याचे बळ नसते; आपल्या गावची एखादी चव आणि ती तयार करण्याचे कसब एवढेच त्याचे भांडवल असते.

लंडनच्या कॉफीगृहात एक पेनी दिली की पेला मिळे आणि त्याबरोबर ताज्या बातम्या व चार जाणत्यांचा संवादही मिळे. यावरूनच पुढे त्यांना ‘पेनी विद्यापीठे’ हे नाव पडले. 1674 साली छापलेल्या एका पत्रकात अशा गृहांचे नियम दिलेले आहेत. जो येईल त्याने रिकाम्या जागी बसावे. अधिक प्रतिष्ठित मनुष्य आला म्हणून कोणी उठून त्याला जागा देण्याचे कारण नाही, असा त्यातील एक नियम होता. ज्या समाजात चर्चमधील बाकांपासून दरबारापर्यंत प्रत्येकाची पायरी ठरलेली होती, तेथे हा लहानसा नियम मोठाच म्हटला पाहिजे. शिवाय ज्याला कायमचा पत्ता नव्हता त्याची पत्रेही कॉफीगृहाच्या पत्त्यावर येत. एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांचे कप्तान व व्यापारी जमत; त्यांच्या बैठकीतूनच लॉइड्स ही जगप्रसिद्ध विमासंस्था वाढली.

अनोळखी माणसे एकत्र बसून बोलू लागली की राज्यकर्ते अस्वस्थ होतात. राजा दुसरा चार्ल्स याने 29 डिसेंबर 1675 रोजी कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. तेथे खोट्या व राजद्रोही वार्ता पसरतात, असे त्याचे म्हणणे होते. बंदी 10 जानेवारी 1676 पासून अमलात यावयाची होती. परंतु ओरड एवढी झाली की 8 जानेवारीलाच ती मागे घ्यावी लागली. तथापि ही समता अपुरीच होती. कित्येक कॉफीगृहे विधवा स्त्रिया चालवीत, पण गिऱ्हाईक म्हणून स्त्रीला तेथे सहसा स्थान नसे.

आपल्या देशातील एका माणसानेही त्याच लंडनमध्ये आपले नशीब अजमावून पाहिले. पाटण्याचा दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात राहून पुढे आयर्लंडला व तेथून लंडनला गेला. 1810 साली त्याने पोर्टमन चौकाजवळ ‘हिंदुस्थानी कॉफी हाऊस’ उघडले. तेथे हिंदी पद्धतीचे जेवण आणि हुक्का मिळे. दोन वर्षांत त्याचे दिवाळे निघाले. पण तो खचला नाही. ब्रायटनला जाऊन त्याने औषधी स्नानगृह काढले आणि तेथे मोठा नावलौकिक मिळविला.

हिंदुस्थानात कॉफी फार पूर्वी आली. बाबा बुदन या सूफी साधूने येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. पण बी रुजणे निराळे आणि बसावयास खुर्ची मिळणे निराळे. मद्रास इलाख्यातील अनेक कॉफी क्लबांत ब्राह्मणांची बसण्याची जागा वेगळी राखलेली असे. अस्पृश्य मानलेल्यांना तर देशभर असंख्य उपाहारगृहांचे दार बंद होते. लंडनच्या पत्रकात जे एका नियमात लिहून झाले, त्यासाठी येथे लढे द्यावे लागले. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 15 व्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांचा मुद्दाम उल्लेख आहे, तो याच कारणाने. घटना लिहिणाऱ्यांना मूलभूत हक्कांच्या प्रकरणात चहाकॉफीच्या दुकानाचा विचार करावासा वाटला, यावरून त्या खुर्चीचे मोल ध्यानात यावे.

कॉफीची खुर्ची मोठ्या प्रमाणावर मांडली गेली ती व्यापारी निकडीतून. 1929 नंतरच्या मंदीत मळेवाल्यांच्या मालाचे भाव कोसळले. परदेशी गिऱ्हाईक पुरेसे मिळेना, तेव्हा देशातच खप वाढविण्यासाठी 1935 साली कॉफी सेस कमिटी नेमण्यात आली आणि 1936 साली मुंबईच्या चर्चगेट भागात पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ निघाले. पुढे देशातील अनेक शहरांत त्याच्या शाखा झाल्या. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या आल्बर्ट हॉलमध्ये 1942 साली कॉफी मिळू लागली. अलाहाबादच्या कॉफी हाऊसमध्ये फिराक गोरखपुरींसारखे कवी बसत. खेड्यातून वा तालुक्याच्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला ज्याची पुस्तके वाचली तो लेखक शेजारच्या टेबलावर दिसे. एवढ्यानेही त्याला हे शहर आपल्यालाही सामावून घेईल असे वाटे.

मग 1957 चे वर्ष आले. कॉफी बोर्डाने ही गृहे बंद करण्याचे ठरविले आणि नोकरांच्या हाती नारळ देण्यास सुरुवात झाली. डोक्याला पंख्यासारखा तुरा असलेला फेटा बांधून वर्षानुवर्षे बशा उचलणारी ही माणसेही बहुधा परगावचीच. दूरच्या शहरात पोट भरावयास आलेली. त्यांची नोकरी जाणार म्हणजे शहरच जाणार. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मालक नको असेल तर नोकरांनीच मालक व्हावे, असा मार्ग निघाला. ऑगस्ट 1957 मध्ये बंगळुरास कॉफी कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीचे ‘इंडियन कॉफी हाऊस’ कामगारांच्या मालकीने सुरू झाले. ‘इंडिया’चे ‘इंडियन’ झाले. पाटीवर फरक एका अक्षराचा, परंतु बशी उचलणारा हात आता मालकाचा होता.

कलकत्त्यासही हाच प्रसंग आला, तेव्हा प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला आणि 1958 मध्येच तेथील दार पुन्हा उघडले. दिल्लीचे कॉफीगृह मात्र आणीबाणीच्या काळात, 1976 साली, जमीनदोस्त करण्यात आले. ते पुढे मोहनसिंग प्लेसच्या इमारतीत थाटले गेले. दुसऱ्या चार्ल्सचा जाहीरनामा आणि दिल्लीतील कुदळ यांच्यामध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे. बैठक दोन्ही वेळा मोडून पडली नाही.

मध्य प्रदेशात जबलपूरच्या सहकारी संस्थेने हा व्याप सांभाळला. इंदूर-ग्वाल्हेरच्या कित्येक मराठी घरांतील मंडळींनी डोसा आणि कॉफीची पहिली चव तेथेच घेतली आणि केरळातून आलेल्या वाढप्यांच्या बोलीतली हिंदी ऐकली. मुंबईत माटुंग्याला दक्षिणेकडील कारकुनांसाठी उडुपीकडच्या ए. रामा नायक यांनी 1942 साली काढलेले श्रीकृष्ण बोर्डिंग, किंवा मुंबई-हैदराबादचे इराण्यांचे चहाचे हॉटेल, ही याच कुळीतली होत. पेला चहाचा की कॉफीचा हा प्रश्न गौण आहे. परगावाहून आलेल्याने परगावच्यासाठी मांडलेली खुर्ची, हे त्यांचे समान लक्षण.

1996 साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे निघाले आणि त्यानंतर काचेच्या दारांची, गारव्याची, मंद संगीताची कॉफीगृहे शहरोशहरी झाली. पूर्वी पुरुषांच्या गर्दीत संकोचून जाणारी मुलगी आज तेथे एकटी पुस्तक घेऊन बसते, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पेल्याची किंमत एवढी वाढू नये की ज्याला त्या खुर्चीची सर्वांत अधिक गरज आहे, तोच दाराबाहेर उभा राहील. घटनेने जातीचा अडसर काढला; पैशाचा अडसर काढण्याचे कलम नाही.

म्हणून कोणी तरुण वा तरुणी नव्या शहरी जाण्याच्या आनंदात तेथील कॉफीगृहांची यादी करू लागली, तर घरच्यांनी हसू नये. तेथे गेल्यावर पेला आणून देणाऱ्याला त्याचे गाव विचारण्यास मात्र त्यांनी विसरू नये. बहुधा तोही दुसरीकडूनच आलेला असेल, आणि त्या शहरातील त्यांची पहिली ओळख तेथेच होईल.