रेंट, खंड आणि सारा : द्विभाषिक अर्थशास्त्र-शिक्षणाचा इतिहास

बंगळुरूत आंतरराष्ट्रीय परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शाळा आता बऱ्याच आहेत. त्यांपैकी काहींत इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा, म्हणजे आयबीचा, अकरावी-बारावीच्या पातळीचा डिप्लोमा असतो. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या या संस्थेची एक तरतूद पाहण्याजोगी आहे. विद्यार्थ्याने एका भाषेतले साहित्य आणि दुसऱ्या भाषेतून अर्थशास्त्रासारखा विषय घेतला व दोन्हींत ठरलेली श्रेणी मिळवली, तर त्याला ‘द्विभाषिक डिप्लोमा’ मिळू शकतो. आपल्याकडे याचा अर्थ बहुधा असा होतो, की कविता-कादंबरी मातृभाषेत आणि मागणी-पुरवठा इंग्रजीत. ही वाटणी नवी नाही. ती कशी पडली आणि तिची किंमत कोणी मोजली, ते या टिपणात पाहू.

१. हेलिबरी ते इंदापूर

भारतात पाठवायच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडमध्ये हेलिबरी येथे कॉलेज चालवले. तेथे पौर्वात्य भाषा शिकवत आणि अर्थशास्त्रही. लोकसंख्येच्या सिद्धान्तामुळे प्रसिद्ध असलेले थॉमस माल्थस यांची १८०५ मध्ये त्या विषयाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. शिक्षण दोन्हींचे होते, पण भाषा रयतेशी बोलण्यासाठी आणि अर्थशास्त्र इंग्रजीत विचार करण्यासाठी. दोन खोल्या होत्या, मधे दार नव्हते.

माल्थस यांच्या हाताखाली शिकलेले आर. के. प्रिंगल पुणे जिल्ह्यात जमीन-महसूल ठरवायला आले. सोबत ‘रेंट’चा सिद्धान्त होता. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ च्या ग्रंथात तो मांडला होता. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन शेतांवर प्रत्येकी ६० रुपये खर्च येतो. हलक्या शेतात ६० रुपयांचे पीक येते, चांगल्या शेतात १०० रुपयांचे. चांगल्या शेतातला वरचा ४० रुपयांचा वाढावा म्हणजे ‘रेंट’. त्यातला वाटा सरकारने घेतला तरी लागवड थांबणार नाही, असा तर्क होता. प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के आकारणी ठरवली. आपल्या उदाहरणात ती २२ रुपये होते.

तर्क चोख होता. अडचण ६० या आकड्यात होती. घरची माणसे राबतात त्यांची मजुरी किती धरायची? बैलांची झीज किती? कोरड्या वर्षाचे काय? मोजणीत चुका झाल्या, आकारणी जड गेली आणि अनेकांनी जमिनी सोडल्या. पुढे १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पाहणी सुरू केली, दर उतरवले आणि ते ३० वर्षांसाठी कायम केले.

आता मराठी शब्द पाहा. घराचे ते ‘भाडे’, कुळाने जमीनमालकाला द्यायचा तो ‘खंड’, सरकारला भरायचा तो ‘सारा’. रिकार्डोचा वाढावा या तिन्हींहून वेगळा आहे. इंग्रजीतला एकच शब्द वापरला की हे फरक झाकले जातात. मराठीत वाक्य लिहायला बसलो की लगेच विचारावे लागते : कोणी, कोणाला, कशाबद्दल दिले? प्रिंगल यांचा प्रयोग केवळ भाषेमुळे फसला असे म्हणता येणार नाही. पण हाच प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

२. सहा वर्षांत तीन नावे

१८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचे ‘लक्ष्मीज्ञान’ आले. १८५४ मध्ये हरि केशवजी यांचे ‘देशव्यवहारव्यवस्था’ आणि १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचे ‘अर्थशास्त्र परिभाषा’. विषय एकच, पण एकाला त्यात संपत्ती दिसली, दुसऱ्याला देशाचे व्यवहार, तिसऱ्याने जुना संस्कृत शब्द नव्या कामाला लावला. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची पोथी म्हैसूरला आर. शामाशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये लागली. चिपळूणकरांनी हा शब्द घेतला त्याला तोवर ५० वर्षे झाली होती.

३. परीक्षेचा निकाल

याच काळात मुंबईत शिक्षणाच्या माध्यमावर वाद चालू होता. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते. जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू धरली. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली. मराठी पुस्तकांवर बंदी आली नाही, पण पदवीच्या परीक्षेत त्यांचे काम उरले नाही. ज्या भाषेत उत्तर लिहायचे नाही, त्या भाषेतली परिभाषा घासूनपुसून नीट होत नाही.

१८५९ च्या पहिल्या मॅट्रिकमध्ये उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८७२-७३ च्या सुमारास त्यांनी पुण्यात व्यापाराविषयी मराठीत व्याख्याने दिली. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर ते इंग्रजीत बोलले. इंग्लंडमधल्या परिस्थितीतून निघालेले नियम सर्व देशांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. रानडे यांना दोन्ही खोल्यांत वावर होता. परकी परीक्षा त्यांनी पार केली आणि तिच्या सिद्धान्तांची इथल्या परिस्थितीशी पडताळणीही केली.

४. आज

महाराष्ट्रात बारावीचे अर्थशास्त्र मराठीतून लिहिता येते. आयबीत विद्यार्थ्याला बातम्यांवर तीन टीकालेख लिहावे लागतात. पहिल्या वाटेने गेलेल्याला पुढे इंग्रजी ग्रंथ अवघड जातात. दुसऱ्या वाटेने गेलेल्याला बाजार समितीतला हिशेब. अभियांत्रिकीत प्रकल्पाचा खर्च-लाभ काढताना मुले सूत्र अचूक लिहितात. ‘यातला खर्च नेमका कोणाच्या खिशातून जातो?’ असे विचारले की वर्ग थबकतो. द्विभाषिक शिक्षणाची खरी कसोटी प्रमाणपत्रावर नसते, तर एका भाषेतली संकल्पना दुसऱ्या भाषेत सांगताना तिच्यातले काय गळते आणि काय उघडे पडते, हे विद्यार्थ्याला ओळखता येते का, यात असते.

विचारासाठी प्रश्न

१. वरच्या उदाहरणात घरच्या मजुरीचे आणखी २० रुपये खर्चात धरा. दोन्ही शेतांवर काय परिणाम होईल? ५५ टक्के आकारणी आता किती?
२. ‘कॅपिटल’साठी आपल्या भाषेत रोजच्या वापरातले किती शब्द आहेत? प्रत्येक कोण, कधी वापरतो?