पन्हाळ्याचा वेढा आणि आमची पाचशे ग्रॅम ज्वारी

मंडळी, परवा नातवाचे इतिहासाचे पुस्तक चाळत होतो. पन्हाळ्याचा वेढा म्हटले की आपल्याला एकच रात्र आठवते. पाऊस, शिवा काशीद, पालखी, बाजीप्रभू. ती रात्र थोर आहेच, वादच नाही. पण त्या रात्रीआधी चार महिने गडावर आणि गडाखाली माणसे काय करत होती? मार्च 1660 च्या सुरुवातीला महाराज पन्हाळ्यावर आले आणि 12-13 जुलैच्या रात्री बाहेर पडले. मधले दिवस पाठात दोन ओळींत संपतात. मुलांना 'वेढा' हा शब्द पाठ होतो, पण वेढा कळत नाही.

कोल्हापूर भागातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी बरीच वर्षे चौथीला शिकवले. तिथे हा पाठ मी फळ्यावर कमी आणि मैदानात जास्त घेत असे.

दिवाळीत किल्ला करायची सवय मुलांना असतेच. माती आणायची, पन्हाळा करायचा. मग पहिला प्रश्न : आता याला वेढा घाला. वर्गातली चाळीस मुले हात पसरून मैदानाभोवती उभी केली की मध्ये केवढी तरी भगदाडे राहत. पन्हाळ्याची तटबंदी सात किलोमीटरांहून अधिक आहे. दर तीन मीटरला एक माणूस धरला तरी सव्वादोन हजारांच्या वर माणसे झाली. रात्रंदिवस पहारा म्हणजे तीन पाळ्या. शिवाय वेढा गडाच्या पायथ्याशी, म्हणजे वर्तुळ आणखी मोठे! सिद्दी जौहरला एवढी फौज का लागली, हे पोरे स्वतःच सांगू लागत.

दुसरा तास धान्याचा. प्रत्येकाने घरून पाचशे ग्रॅम ज्वारी आणायची. हे एका माणसाचे एका दिवसाचे. आता समजा गडावर पाच हजार माणसे आहेत आणि वेढा 130 दिवसांचा आहे. करा गुणाकार! उत्तर येते 3250 क्विंटल, म्हणजे शंभर किलोची 3250 पोती. घोड्यांचा दाणा वेगळाच. मग सहलीला पन्हाळ्यावर गेल्यावर अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारे मुले निराळ्या नजरेने बघत. एरवी ती 'जुन्या मोठ्या खोल्या' म्हणून पुढे पळाली असती. (ज्वारीच्या नंतर शाळेत भाकऱ्या होत, हेही सांगून टाकतो.)

तिसरा प्रयोग पावसाचा. झारीने किल्ल्यावर आणि भोवतीच्या कागदी तंबूंवर पाणी सोडायचे. तंबू आधी लोळतात. गडावरचे घरात, खालचे चिखलात. पावसाळ्यात वेढा ढिला पडेल ही आशा का होती आणि जौहर तरीही हटला नाही ही केवढी चिकाटी, हे त्या झारीतून कळे. शत्रूचा चिवटपणा कळल्याशिवाय सुटकेची किंमत कळत नाही.

आता खरी अडचण सांगतो. दोन गट पाडायचे म्हटले की सिद्दीच्या बाजूला जायला कुणीच तयार नसे. एका वर्षी वर्गात एक मुसलमान मुलगा होता. पोरांनी परस्पर ठरवून टाकले, "गुरुजी, हा सिद्दीकडं!" तो मुकाट्याने उठून तिकडे जाऊन उभा राहिला. नऊ वर्षांचे पोर!

मी गट मोडले आणि सगळ्यांना खाली बसवले. म्हटले, आता ऐका. वेढा बाहेरून फोडायला नेताजी पालकर आले, तेव्हा त्यांच्याबरोबर महाराजांच्या बाजूने कोण लढले? सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह. तो मुलगा त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. आणि विशाळगडाला आदिलशाहीतर्फे वेढा घालून कोण बसले होते? सुर्वे आणि दळवी, आपलेच मराठे सरदार. राजापूरचे इंग्रजही तोफेचा मारा करायला जौहरच्या मदतीला आले होते. आता सांगा, नावावरून बाजू कशी ठरवायची?

वर्ग गप्प. मग तोच मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी हिलाल होतो." त्यानंतर हिलाल व्हायला रांग लागली. पुढे प्रत्येक वर्षी मी चिठ्ठ्या टाकूनच गट पाडले आणि हिलालची एक चिठ्ठी त्यात न चुकता असे.

शेवटच्या तासाला एक प्रश्न हमखास येई, "मग गडाचं काय झालं?" सांगावे लागे की सप्टेंबर 1660 मध्ये पन्हाळा आदिलशाहीला देऊन टाकला. पोरांचे चेहरे उतरत. मग नकाशा काढायचा. त्याच सुमारास शाइस्ताखान पुण्यात बसलेला, चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्याने दीड महिन्याहून अधिक झुंजवला आणि ऑगस्टमध्ये तोही गेला. दोन शत्रूंशी एकाच वेळी लढता येत नाही, म्हणून एक गड सोडला. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदाने मूठभर माणसांनिशी पन्हाळा परत घेतला. तेरा वर्षे थांबणे हाही पराक्रमच, हे चौथीतल्या मुलाला पटते. मोठ्यांनाच कधी कधी पटत नाही.

असो. या दिवाळीत नातवंडे किल्ला करतील तेव्हा त्याभोवती एक दोरी टाका आणि विचारा, आत किती दिवसांचे धान्य आहे? आणि मावळे मांडताना एक हिलालही ठेवा.