'थ्रिलर'ला दौऱ्याची गरज होती का?

जगात सर्वाधिक खपलेला अल्बम म्हणून मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चे नाव घेतले जाते. या अल्बमसाठी त्याने एकट्याने किती मैफली केल्या, या प्रश्नाचे उत्तर मात्र 'एकही नाही' असे आहे. ३० नोव्हेंबर १९८२ रोजी अल्बम बाजारात आला. त्यानंतर दीड वर्ष जॅक्सन कोणत्याही दौऱ्यावर गेला नाही. जुलै १९८४ मध्ये तो बाहेर पडला तोही भावांच्या संगतीत, 'द जॅक्सन्स' या घरच्याच बँडचा एक सदस्य म्हणून. तेव्हापासून पॉपसंगीताच्या चाहत्यांमध्ये एक वाद चालत आला आहे. इतक्या प्रचंड यशानंतर एकल दौरा न करणे ही घोडचूक होती, की या अल्बमला दौऱ्याची गरजच नव्हती?

वादाचे मोल कळण्यासाठी यशाचे मोजमाप आधी ध्यानात घ्यावे लागते. अल्बममध्ये अवघी नऊ गाणी होती. त्यांपैकी सात अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिल्या दहांत पोहोचली. अल्बमच्या यादीत 'थ्रिलर' एकूण ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. २८ फेब्रुवारी १९८४ रोजी जॅक्सनने एका रात्रीत आठ ग्रॅमी पारितोषिके पटकावली. त्यातील एक 'ई.टी.' या बालकथेच्या ध्वनिमुद्रिकेसाठी होते, उरलेली सात 'थ्रिलर'ची. अमेरिकेत या अल्बमला २०२१ मध्ये ३४ पट प्लॅटिनम, म्हणजे ३ कोटी ४० लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले. जगभरच्या खपाचा आकडा सहा ते सात कोटींच्या घरात सांगितला जातो. असे दावे थोडे हात राखूनच घ्यावेत, पण त्यातून बरेच वजा केले तरी शिल्लक राहते ते अफाटच आहे.

पाश्चात्त्य ध्वनिमुद्रण व्यवसायात त्या काळी दौरा हा बहुतांशी जाहिरातीचा भाग होता. कंपनी अल्बम काढी, गायक गावोगाव फिरे, स्थानिक आकाशवाणी केंद्रे त्याची गाणी वाजवीत आणि दुकानांतून तबकड्या उचलल्या जात. दौऱ्यात पैसा सुटला तर उत्तम. नाही सुटला तरी तो खर्च तबकडीच्या विक्रीतून भरून निघे. आपल्याकडील रागसंगीतात मैफल हे मूळ आणि ध्वनिमुद्रिका ही तिची आठवण, असे नाते असते. पॉपमध्ये ते उलटे झाले. गाणे स्टुडिओत घडते, एकावर एक ध्वनींचे थर चढवून पूर्ण होते आणि रंगमंचावर सादर होते ती त्याची प्रतिकृती असते. बीटल्सनी तर हा विचार थेट टोकाला नेला. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्डलस्टिक पार्कवर त्यांनी आपल्या अखेरच्या दौऱ्याची अखेरची मैफल केली. 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' हा त्यांचा गाजलेला अल्बम त्यानंतर, १९६७ मध्ये आला. तो घेऊन ते कधीच फिरले नाहीत आणि त्याच्या कीर्तीत त्यामुळे काही उणे आले नाही.

'थ्रिलर' याच जातीचा होता. निर्माता क्विन्सी जोन्स आणि ध्वनिमुद्रक ब्रूस स्विडीन यांनी लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत त्याची बारकाईने घडण केली. 'बीट इट'मधील गिटारचा तुकडा एडी व्हॅन हेलनचा, तर शीर्षकगीतातील निवेदन भयपटांचा अभिनेता व्हिन्सेंट प्राइस याचे. ही सारी मंडळी रोज रात्री एका मंचावर उभी करणे शक्य नव्हते, तसे करण्याचे कारणही नव्हते.

जॅक्सनला मंच हवा होता, पण तो स्टेडियममध्येच असला पाहिजे असे नव्हते. एमटीव्ही ही संगीतवाहिनी ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या काळात तिच्यावर गोऱ्या रॉक गायकांचा वरचष्मा होता आणि कृष्णवर्णीय कलावंतांना तेथे जवळपास स्थान नव्हते. १९८३ च्या मार्चमध्ये 'बिली जीन'ची चित्रफीत त्या वाहिनीवर आली आणि पुढे 'बीट इट'ची. हा अडसर मोडणे ही घटना खपाच्या आकड्यांहून मोठी मानणारे समीक्षक आहेत, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

त्यानंतरचा टप्पा आणखी मोठा होता. मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्याचे चित्रीकरण २५ मार्च १९८३ रोजी पासाडेना येथे झाले आणि १६ मे रोजी एनबीसी वाहिनीने ते दाखविले. भावांसोबत जुनी गाणी म्हणून झाल्यावर जॅक्सन एकटा मंचावर थांबला, 'बिली जीन' सुरू झाले आणि त्याने 'मूनवॉक' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली ती उलट सरकण्याची चाल केली. हा कार्यक्रम सुमारे ४ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिला असे सांगितले जाते. गंमत अशी, की त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेल्या या सादरीकरणात तो प्रत्यक्ष गात नव्हता. ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवीत होता. पाहणाऱ्यांना त्याने काही फरक पडला नाही. ते गाणे ऐकायला नव्हे, माणूस पाहायला बसले होते.

डिसेंबर १९८३ मध्ये दिग्दर्शक जॉन लँडिस याने केलेला सुमारे १४ मिनिटांचा 'थ्रिलर' हा लघुपट एमटीव्हीवर झळकला. अल्बमला तेव्हा वर्ष उलटून गेले होते. एरवी अल्बमचा ओघ या सुमारास आटतो आणि तो टिकविण्यासाठीच दौरे काढले जातात. येथे ते काम लघुपटाने केले. त्याच्या निर्मितीची हकिगत सांगणाऱ्या माहितीपटाचे हक्क वाहिन्यांना विकून खर्चाची सोय झाली आणि त्या माहितीपटाच्या व्हिडिओ कॅसेटही धडाक्याने खपल्या. थोडक्यात, जाहिरात हाच विक्रीचा माल झाला होता.

मग १९८४ चा दौरा कशासाठी निघाला? कुटुंबासाठी, हे त्याचे खरे उत्तर. भावांना तो हवा होता, आई-वडिलांचा त्याला पाठिंबा होता आणि पेप्सीशी केलेल्या करारात भावंडांचा एकत्र सहभाग होता. आपण या दौऱ्याला राजी नव्हतो, असे जॅक्सनने १९८८ च्या 'मूनवॉक' या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. जानेवारीत पेप्सीच्याच जाहिरातीच्या चित्रीकरणात त्याच्या केसांनी पेट घेतला होता आणि डोक्याला भाजले होते. त्यातून उठलेला पंचविशीतला हा तरुण जुलैमध्ये भावांच्या बरोबर उभा राहिला.

'व्हिक्टरी' दौऱ्याची कथा हा एकल दौऱ्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरू शकेल. आयोजनात मुष्टियुद्धाच्या लढती भरविणारा डॉन किंग होता आणि फुटबॉल संघाच्या मालक घराण्यातील चक सलिव्हन होता. तिकीट ३० डॉलरचे, पण सुटे मिळत नसे. किमान चार तिकिटांचे पैसे, वर सेवाशुल्क, टपालाने आगाऊ पाठवायचे आणि नंतर सोडत. तिकीट मिळेलच याची खात्री नाही आणि पैसे मात्र आठवडेच्या आठवडे आयोजकांकडे. टेक्सासमधील एका अकरा वर्षांच्या मुलीने या पद्धतीबद्दल वर्तमानपत्रातून जॅक्सनला जाहीर पत्र लिहिले आणि विषय पेटला. दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ५ जुलै रोजी, जॅक्सनने पत्रकार परिषद घेऊन ही पद्धत बदलत असल्याचे आणि स्वतःच्या वाट्याची सारी कमाई धर्मादाय संस्थांना देत असल्याचे जाहीर केले.

६ जुलै रोजी कॅन्सस सिटी येथे प्रारंभ झालेल्या या दौऱ्यात ५५ मैफली झाल्या आणि २० लाखांहून अधिक लोकांनी हजेरी लावली. उत्पन्न सुमारे साडेसात कोटी डॉलरचे. तरीही सलिव्हनचे हात पोळले. दौऱ्यात बसलेला फटका हे पुढे १९८८ मध्ये त्याच्या घराण्याच्या हातून 'न्यू इंग्लंड पेट्रियट्स' हा संघ जाण्याचे एक मोठे कारण मानले जाते. गाण्यांची निवड पाहिली तर तडजोड अधिकच उघडी पडते. 'थ्रिलर'मधील 'बीट इट', 'बिली जीन', 'ह्यूमन नेचर' अशी चार गाणी होती, पण खुद्द 'थ्रिलर' हे गाणे नव्हते. लहानपणच्या 'जॅक्सन फाइव्ह'ची गाणी होती, भाऊ जर्मेनला त्याचा वेगळा वाटा होता. आणि ज्या 'व्हिक्टरी' अल्बमचे नाव दौऱ्याला दिले होते, त्यातील एकही गाणे गायले गेले नाही. ९ डिसेंबर रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर, आपण भाऊ एकत्र दौरा करीत असल्याची ही अखेरची वेळ, असे मायकेलने मंचावरूनच सांगून टाकले.

या पाच महिन्यांत 'थ्रिलर'चे काय झाले, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. एप्रिल १९८४ मध्येच 'फुटलूज' चित्रपटाच्या संगीताने त्याला पहिल्या क्रमांकावरून हटविले होते. ७ जुलैला, म्हणजे दौऱ्याच्या दुसऱ्याच दिवसाच्या यादीत, ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'बॉर्न इन द यूएसए' पहिला आला. ऑगस्टपासून प्रिन्सच्या 'पर्पल रेन'ने ती जागा घेतली आणि सलग २४ आठवडे सोडली नाही. जॅक्सन बंधू स्टेडियम भरवीत असताना यादीच्या शिखरावर दुसरेच होते. दौऱ्यामुळे 'थ्रिलर' पुन्हा वर चढला नाही. चढण्यासारखे त्याचे काही उरले नव्हते. सर्व मोठी शिखरे त्याने दौऱ्याआधीच सर केली होती.

स्प्रिंगस्टीनचे उदाहरण मात्र उलट बाजू दाखविते. 'बॉर्न इन द यूएसए'चीही सात गाणी पहिल्या दहांत गेली, पण ती जून १९८४ ते ऑक्टोबर १९८५ अशा दीर्घ दौऱ्याच्या सोबतीने. स्प्रिंगस्टीनचा श्रोता तीन-तीन तासांच्या मैफलीतून घडलेला होता; त्याचा अल्बम दौऱ्याविना कल्पिणेच कठीण. प्रिन्सचा मार्ग तिसरा. त्याचा दौरा नोव्हेंबरमध्ये निघाला, तोवर जुलैत प्रदर्शित झालेल्या 'पर्पल रेन' चित्रपटाने त्याचे काम केले होते. अलीकडचा दाखला अडेलचा. घशातील रक्तस्रावामुळे २०११ मध्ये तिला अमेरिकेतील मैफली रद्द करून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तरीही तिचा '२१' हा अल्बम २०११ आणि २०१२ अशी सलग दोन वर्षे अमेरिकेत सर्वाधिक खपला.

जॅक्सनच्या पुढील अल्बमने तर हा हिशेबच मांडून ठेवला. 'बॅड' ऑगस्ट १९८७ मध्ये आला आणि पंधरवड्याच्या आत, १२ सप्टेंबरला, त्याचा पहिला एकल दौरा टोकियोत सुरू झाला. जानेवारी १९८९ पर्यंत १२३ मैफली झाल्या, सुमारे ४४ लाख लोकांनी त्या पाहिल्या. लंडनच्या वेम्ब्लीवर एकट्या १९८८ च्या उन्हाळ्यात सात. अल्बममधील पाच गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. एवढे होऊनही 'बॅड'चा अमेरिकेतील प्रमाणित खप 'थ्रिलर'च्या एक तृतीयांशाच्या आसपासच राहिला. दौऱ्याने अल्बम मोठा होतो हे गृहीतक येथे टिकत नाही.

म्हणून दौरा न झाल्याने कोणाचेच नुकसान झाले नाही असे नाही. ते श्रोत्यांचे झाले, विशेषतः अमेरिकेबाहेरच्या. 'व्हिक्टरी' दौरा अमेरिका आणि कॅनडापुरता होता. युरोप आणि आशियाने कीर्तीच्या ऐन भरातला, चोवीस-पंचवीस वर्षांचा जॅक्सन प्रत्यक्ष पाहिलाच नाही. 'थ्रिलर' हे गाणेदेखील मंचावर आले ते 'बॅड'च्या दौऱ्यात, पाच वर्षांनी.

मुंबईला आणखी थांबावे लागले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात 'हिस्टरी' दौऱ्यातील मैफल झाली. शिव उद्योग सेनेच्या पुढाकाराने झालेल्या या कार्यक्रमासाठी आलेल्या जॅक्सनचे विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेने स्वागत केले आणि त्याने 'मातोश्री'वर जाऊन बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली. युती सरकारने दिलेल्या करमणूक करमाफीला मुंबई ग्राहक पंचायतीने न्यायालयात आव्हान दिले. तीन कोटींहून अधिक रुपयांच्या त्या प्रकरणाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो थेट जानेवारी २०२१ मध्ये. त्या रात्री 'बिली जीन', 'थ्रिलर' आणि 'बीट इट' ही तिन्ही गाणी झाली. अल्बमला तेव्हा चौदा वर्षे होत आली होती. ती गाणी ऐकायला जमलेल्यांपैकी अनेकांची त्यांच्याशी ओळख कॅसेटवरून आणि भाड्याच्या व्हिडिओवरून केव्हाच झालेली होती.

आज व्यवसायाचे गणित पार फिरले आहे. ऑनलाइन श्रवणातून गायकाच्या हाती फार थोडे पडते आणि खरी कमाई मैफलीची असते. टेलर स्विफ्टच्या मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ मधील 'इरास' दौऱ्याच्या १४९ मैफलींनी दोन अब्ज डॉलरहून अधिक तिकीटविक्री केली. आता अल्बम दौऱ्याची जाहिरात करतो. नवा अल्बम हाती नसताना जॅक्सननेही २००९ मध्ये 'धिस इज इट' या नावाने लंडनमध्ये ५० मैफली जाहीर केल्या आणि तिकिटे हातोहात संपली. त्यांपैकी एकही झाली नाही. २५ जून २००९ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्या मैफलींच्या तालमींचे चित्रीकरण झालेले होते. ऑक्टोबरमध्ये ते चित्रपट म्हणून जगभरच्या पडद्यांवर दाखविले गेले.