बरोबर गोळी, चुकीचं कारण

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईच्या औषधांच्या डब्यात एक अख्खी पट्टी तशीच पडलेली दिसली. अमिट्रिप्टिलीन, १० मिलिग्रॅम. अर्धशिशीसाठी डॉक्टरांनी रोज रात्री एक घ्यायला सांगितली होती. विचारलं तर आधी टाळाटाळ. मग कळलं की औषधाच्या दुकानातला मुलगा पट्टी देताना म्हणाला होता, "काकू, ही डिप्रेशनची गोळी आहे, माहितीये ना?" झालं! "डोकं दुखतंय माझं, फिरलेलं नाही," असं म्हणून आईने गोळी बंद केली, आणि पुन्हा सुंठीचा लेप, कपाळावर घट्ट पट्टी आणि अंधारी खोली.

मुलगा खोटं बोलला नव्हता. ही गोळी मुळात डिप्रेशनचीच. पण मग अर्धशिशीला स्वतःची गोळी का नाही? दोन-तीन शनिवार-रविवार यावर वाचत बसलो. हाती लागलं ते असं.

सुरुवात होते एका बुरशीपासून. युरोपात राय नावाचं धान्य पिकतं, त्याच्या कणसावर अर्गट नावाची बुरशी येते. मध्ययुगात ते धान्य खाऊन गावंच्या गावं आजारी पडत, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून बोटं काळी पडून गळत. या रोगाला नावच होतं 'सेंट अँथनीची आग'. पण तीच बुरशी अगदी थोडी दिली तर गर्भाशय आकसतं, म्हणून सुइणी ती बाळंतपणात वापरायच्या. १९१८ साली बाझलच्या सँडोझ कंपनीत आर्थर श्टोल याने तिच्यातून अर्गोटामाइन वेगळं काढलं. तेही आधी बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठीच विकलं गेलं.

डोकेदुखीकडे ते वळलं १९२५-२६ मध्ये, स्वित्झर्लंडमध्येच. रोटलिन आणि मायर यांचा तर्क असा की हे औषध सिम्पथेटिक मज्जासंस्थेला शांत करतं आणि अर्धशिशी म्हणजे त्या संस्थेचाच अतिरेक. इंजेक्शन दिलं, डोकं थांबलं. तर्क मात्र पुढे टिकला नाही.

मग १९३८. न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड वुल्फ आणि जॉन ग्रॅहम यांनी डोकं दुखत असलेल्या रुग्णांच्या कानशिलावरच्या धमनीचे ठोके यंत्रावर नोंदले आणि शिरेतून अर्गोटामाइन दिलं. ठोक्यांची उंची कमी होत गेली, आणि तसतसं दुखणंही. म्हणजे धमनी फुगते म्हणून डोकं ठणकतं, आवळली की थांबतं! इतका सरळ, डोळ्यांना दिसणारा पुरावा, की पुढची कित्येक दशकं हेच खरं मानलं गेलं. (आमच्या धंद्यातही हेच होतं. लॉगमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडताना दिसल्या की आपण एकीला कारण ठरवतो आणि घरी जातो.) २०१३ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी अर्धशिशीच्या झटक्यातच एमआरआय काढले, तेव्हा कवटीबाहेरच्या धमन्या फुगलेल्या दिसल्याच नाहीत.

या ग्रॅहमबद्दल मला विशेष आदर वाटतो. १९५९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सिकुतेरीने मेथिसर्जाईड आणलं. हेही अर्गटच्याच घराण्यातलं, पण झटका थांबवायला नव्हे तर येऊच नये म्हणून. चालायचंही झकास. ग्रॅहम तोवर बॉस्टनला डोकेदुखीचे रुग्ण बघत होता. त्याच्या लक्षात आलं की हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या पोटात, पाठीमागच्या बाजूला तंतुमय गाठाळ थर वाढतो आणि मूत्रवाहिन्या आवळल्या जातात. १९६६ साली त्याने ते छापलं. आपल्याच रुग्णांना गुण देणाऱ्या औषधाविरुद्ध लिहायचं, सोपं नाही. त्यानंतर मेथिसर्जाईड मधेमधे काही आठवडे बंद ठेवून द्यायची पद्धत पडली, आणि हळूहळू ते मागेच पडलं.

प्रतिबंधाची बाकीची औषधं म्हणजे निव्वळ उसनवारी. प्रोप्रॅनोलॉल हृदयासाठी बनलं. १९६६ मध्ये छातीत दुखतं म्हणून ते घेणाऱ्या एका रुग्णाची अर्धशिशीच कमी झाली, तिथून ते इकडे आलं. व्हॅलप्रोएट आणि टोपिरामेट फेफऱ्याची. अमिट्रिप्टिलीन डिप्रेशनची. आईच्या गोळीचं गोत्र हे असं.

झटका थांबवणाऱ्या औषधाचं नशीब जरा बरं. १९६० साली दिसलं होतं की शिरेतून सेरोटोनिन दिलं तर झटका थांबतो, पण इतर त्रास इतके की वापरणं अशक्य. ग्लॅक्सोमध्ये पॅट्रिक हम्फ्री याने १९७२ पासून डोक्याच्याच रक्तवाहिन्या आवळणारा रेणू शोधला. सुमाट्रिप्टान, बाजारात १९९१. पुन्हा कारण तेच, वाहिन्या! पण गोड्सबी आणि एडविन्सन यांनी झटक्यातल्या रुग्णांच्या मानेच्या शिरेतलं रक्त तपासलं. सीजीआरपी नावाचं, मज्जातंतूंतून सुटणारं द्रव्य वाढलेलं होतं (१९९०), आणि सुमाट्रिप्टान दिल्यावर ते उतरलं (१९९३). म्हणजे गोळी नुसती वाहिन्या आवळत नव्हती, मज्जातंतूंचंही तोंड बंद करत होती.

तो धागा धरून २०१८ साली अमेरिकेत एरेनुमॅबला मान्यता मिळाली. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, सीजीआरपीचा रस्ता अडवणारं. मेथिसर्जाईड सोडलं तर फक्त अर्धशिशी टाळण्यासाठी म्हणून घडवलेलं पहिलं औषध हेच. पण महाग.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. बुरशीचं ऐकून तिला शिसारी आली, ग्रॅहमचं आवडलं. मग म्हणाली, "म्हणजे माझी गोळी दुसऱ्या घरून आलेली आहे तर. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं असतं तर?" खरं आहे. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

डॉक्टरांना पुन्हा विचारून तिने गोळी सुरू केली. पूर्वी आठवड्यातून दोनदा झोपून राहायची, आता महिन्यातून एकदा-दोनदा.