स्वर्गाची आशा आणि केडगावचा संसार

पिंपळवंडीच्या माणसास परलोकाची ओळख करून द्यावी लागत नाही. जवळच आळे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविला त्या रेड्याची समाधी परंपरा तेथे दाखविते. पलीकडे ओतूर; तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तेथली. तुकोबा सदेह वैकुंठास गेले, ही कथा येथील मूल आजीच्या मांडीवर ऐकते. पश्चिमेस जुन्नरच्या डोंगरांत तर याहूनही जुनी साक्ष आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दान दिल्याचा लेख आहे; चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप करून दिला. या परकीयांच्या मनात परलोकाचे चित्र कसे होते, ते दगड सांगत नाही. परंतु परलोकासाठी पुण्य जोडावयाचे तर ते कुणाच्या तरी तहानेच्या व भुकेच्या उपयोगी पडावे, एवढे त्यांना कळले होते, हे उघड आहे.

ख्रिस्ती माणसाच्या स्वर्गाच्या आशेविषयी बोलताना हा शेजार आम्ही मुद्दाम आठवून दिला. कारण या आशेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप हाच की, ज्याचे डोळे वर लागले त्याचे पायाखालच्या जमिनीकडे लक्ष राहत नाही. आक्षेप खोटा नाही. पण तो सर्वत्र लागू पडतो काय, हे इतिहासालाच विचारले पाहिजे.

आधी ही आशा नेमकी काय, ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे स्वर्ग हे मुक्कामाचे शेवटचे ठिकाण नव्हे. पुण्याची शिदोरी सरली की जीवाला परतीची वाट धरावी लागते. ख्रिस्ती कल्पनेत परतीची वाट नाही. जन्म एक, मरण एक, त्यानंतर न्याय आणि देहासह पुनरुत्थान. शिवाय त्यांच्या शास्त्रातील शेवटचे दृश्य पृथ्वी सोडून वर उडून जाण्याचे नाही. प्रकटीकरण या ग्रंथाच्या अखेरीस पवित्र नगरच वरून खाली उतरते आणि पृथ्वी नवी होते. ही गोष्ट पुष्कळ ख्रिस्ती मंडळीही विसरतात, मग इतरांस दोष कसा द्यावा!

हे सारे मराठीत सांगावयाचे तर शब्द कोठून आणावयाचे? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. त्याने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिले आणि ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. तुकोबा तेव्हा बालवयातच होते. या पुराणात ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द आला आहे. जेथून परत येणे नाही असे स्थान सांगावयाचे, तर ‘स्वर्गा’पेक्षा ‘वैकुंठ’च जवळचा, हे त्या परदेशी माणसाच्या कानाने अचूक टिपले असावे, असे आम्हांस वाटते.

आता वाट पाहण्याकडे वळू. ख्रिस्त लवकरच परत येणार, या विश्वासावर पहिली मंडळी उभी होती. तेव्हा ‘उद्या सगळेच संपणार, तर आज नांगर कशाला धरा’ असे म्हणणारे निघाले नसते तरच नवल. थेस्सलनीका या ग्रीक शहरातील मंडळीत असे लोक होते. हातावर हात ठेवून बसावे आणि दुसऱ्याच्या घरी जेवावे, हा त्यांचा क्रम. त्या मंडळीला पौलाच्या नावे गेलेल्या दुसऱ्या पत्रात त्यांची चांगलीच कानउघाडणी आहे. कामाला नकार देणाऱ्याच्या पोटाची काळजी मंडळीने वाहू नये, इतके ते स्पष्ट आहे. पौल स्वतः तंबू करून पोट भरीत असे, म्हणून त्याच्या तोंडी हे शोभले. तरीही रोग हटला नाही. अमेरिकेत विल्यम मिलर याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा ख्रिस्ताच्या आगमनाचा दिवस धरला, आणि काही शेतकऱ्यांनी हाताशी आलेले पीक शेतात तसेच राहू दिले. तेवीस तारीख नेहमीसारखी उजाडली.

या पार्श्वभूमीवर आपल्याच जिल्ह्यातील केडगावची हकीकत पाहावी. पुणे-दौंड लोहमार्गावरील हे गाव पंडिता रमाबाईंमुळे जगाच्या नकाशावर गेले. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. मिळेल ते दानधर्मात, व्रतांत, पुण्य जोडण्यात जाई. १८७४ पासूनच्या हलाखीत आणि दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी या काळाचे वर्णन केले आहे. त्यातील एक कबुली आम्हांस फार मोलाची वाटते: आम्ही विद्वान होतो, परंतु हातांनी करावयाचे कोणतेही काम आम्हांस येत नव्हते, असा तिचा आशय. परलोकाची सिद्धता पुरी होती. इहलोकी भाकर मिळविण्याचे साधन मात्र नव्हते. पुढे केडगावी जे उभे राहिले त्याचे बीज या एका वाक्यात आहे, असे आमचे मत आहे.

मधली हकीकत श्रोत्यांस ठाऊक आहे: १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदासदन, पुढच्या वर्षी ते पुण्यास, आणि १८९३ चे वादळ. रानडे, भांडारकर यांच्यासारखे स्नेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. संस्थेला उत्पन्न असावे म्हणून केडगावी जमीन घेतली व फळबाग धरली. तोच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत आहेत, हे कळताच रमाबाईंस आपले उपाशी दिवस आठवले आणि त्या तिकडे निघाल्या. सुमारे तीनशे मुली व बाया त्यांनी आणिल्या. पुण्यात प्लेगाचे दिवस. इतक्या माणसांस शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या माळावर तात्पुरती छपरे उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आणलेल्यांपैकी किती तरी मुली इतक्या खंगलेल्या होत्या की अन्न मिळूनही त्या वाचल्या नाहीत.

त्यांच्या उशाशी बसून स्वर्गाविषयी बोलले जात असणार, यात शंका नाही. पण त्याच वेळी माळावर विहिरी खोदल्या जात होत्या. शेती, गुरे, दूध, विणकाम, तेलघाणी, स्वयंपाक, शिवण, छापखाना असा तो अफाट संसार होता. आंधळ्या मुलींसाठी निराळे सदन होते. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने त्यांना ब्रेल लिपी शिकविली. एकाही मुलीस आपल्यासारखे नुसत्या पोथीच्या आधारावर जगाच्या तोंडी सोपवावयाचे नाही, हा बाईंचा निर्धार पदोपदी दिसतो.

येथे एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. या मुली बहुतेक ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोराच्या हाती भाकर देणाऱ्यानेच धर्मही द्यावा, यात निवड कितपत मोकळी राहते? त्या काळी हिंदू समाजाने हे विचारले, आणि विचारणे रास्तच होते. मात्र विचारणाऱ्यांपैकी फारच थोडे त्या दुष्काळी मुलुखात गेले होते, हेही त्याच पानावर नोंदविले पाहिजे.

१९०५ च्या आरंभापासून केडगावी रोज प्रार्थनेसाठी मुली जमू लागल्या आणि जूनअखेर तेथे मोठी धार्मिक जागृती झाली. रडणे, मोठ्याने एकदम प्रार्थना करणे, पापे बोलून दाखविणे, असे प्रकार इतके वाढले की कित्येक मिशनऱ्यांसही ते रुचले नाहीत. ख्रिस्ताचे येणे जवळ आले, असे तेथे तळमळीने मानले जात होते. म्हणजे थेस्सलनीकेचा धोका अगदी उंबरठ्यावर होता. पण चुली थंड झाल्या नाहीत. इतकेच नव्हे, याच सुमारास बाईंनी आयुष्यातले सर्वांत वेळखाऊ काम हाती घेतले. वयाची पंचेचाळिशी उलटलेली, कानांनी ऐकू येईना, अशा स्थितीत हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविण्यास त्या बसल्या. ख्रिस्त उद्या येईल असे मानणाऱ्या बाईने सतरा-अठरा वर्षे पुरणारे काम का काढावे? तर्काने याचे उत्तर देता येत नाही. त्या दोन्ही गोष्टी एकदमच मानीत होत्या, आणि रोज सकाळी लेखणी हाती घेत होत्या.

या भाषांतरात त्यांनी स्टीफन्सच्या उलट वाट धरली. हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांना नको होते. खेड्यातल्या साध्या बाईस कळेल ते मराठी हवे होते. संस्कृतात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेल्या विदुषीने असे करावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तरीही ज्या संस्थेत हे सारे चालले तिचे नाव मात्र ‘मुक्ती’! रेव्हरंड टिळकांनी त्याच काळात संतांचा अभंग जवळ केला आणि ख्रिस्तायन अपुरे ठेवून १९१९ साली ते गेले. पुढचे बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शब्दांविषयी टिळक आणि रमाबाई यांचे पटले नसते. अपुऱ्या कामाची दोघांनाही सारखीच चिंता होती.

रमाबाईंच्या कामाची वारस म्हणजे मनोरमा. २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी ती आईच्या आधी गेली. पुनर्भेटीची आशा बाळगणाऱ्या आईसही ते दुःख कमी झाले असेल, असे आम्ही म्हणणार नाही. बाईंची प्रकृती खचली होती, पण भाषांतर चालूच राहिले. ते हातावेगळे झाल्यावर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे मुक्तिसदनातील स्त्रिया करीत, आणि त्या सदनातील कित्येकींस केडगावी येण्यापूर्वी एक अक्षरही ओळखता येत नव्हते.