दोन बॅकस्लॅशमागचा इतिहास

१/
विंडोजच्या नेटवर्कवर दुसऱ्या संगणकातील सामायिक फोल्डर गाठायचे, तर पत्त्याच्या आरंभी दोन बॅकस्लॅश द्यावे लागतात: \\सर्व्हर\शेअर\फाईल. विंडोजवरच्या पायथनमध्ये हाच पत्ता ‘शुटिल’ मॉड्यूलच्या कॉपी फंक्शनला दिला आणि परवानगी असली, की फाईल आपल्या यंत्रावर उतरते. काम एका ओळीचे; त्यामागचा इतिहास मात्र मोठा आहे.

२/
प्रथम ती रेघ. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत सरळ स्लॅश आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरला जाई. १९८३ साली डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तेव्हा मार्ग लिहिण्यासाठी बॅकस्लॅश निवडावा लागला. पायथनमध्ये मात्र या चिन्हाला वेगळा अर्थ आहे. म्हणूनच आजही असा पत्ता लिहिताना अवतरणचिन्हाआधी ‘आर’ हे अक्षर जोडतात. चाळीस वर्षांपूर्वीचा निर्णय आपण रोज निस्तरतो आहोत!

३/
आता संभाषणाची भाषा. दूरच्या यंत्रावरील फाईल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडावी, यासाठी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममधील बॅरी फायगनबॉम यांनी ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, अर्थात एसएमबी, रचला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो स्वीकारला आणि वाढवत नेला.

४/
१९९१ च्या अखेरीस कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल याला आपल्या पीसीवरून युनिक्स यंत्रातील फाईली हव्या होत्या. त्याने तारेवरून जाणारे संदेश टिपले, त्यांचा अर्थ लावला आणि स्वतःचा सर्व्हर लिहिला. परक्या गावच्या कॅफेत बसून, गिऱ्हाईक काय मागते आणि वाढपी काय आणतो हे पाहत भाषा शिकावी, तशी ही रीत होती.

५/
त्याने दिलेले नाव आधीच एका कंपनीचा ट्रेडमार्क निघाले. मग त्याने शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे असलेले शब्द शोधले. सापडला ‘सांबा’.

६/
ऐकून शिकण्याला मर्यादा असते. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक आवृत्तीत भाषा बदलू शकत होती. प्रश्न उरला तो हा: दोन यंत्रांमधील संभाषणाचे व्याकरण कोणाच्या मालकीचे? २००४ साली युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड ठोठावला आणि प्रतिस्पर्ध्यांना आवश्यक माहिती देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, १०,००० युरोंच्या एकरकमी मोबदल्यात, सांबाच्या चमूसाठी ती कागदपत्रे खुली झाली.

७/
आज लिनक्सवर बसलेला विद्यार्थी ‘पायएसएमबी’ ही लायब्ररी घेऊन विंडोजच्या शेअरमधून फाईल आणतो. ती त्याला आणता येते, कारण ही भाषा आता एका घराण्याची मिरास राहिलेली नाही. सनदा केवळ ताम्रपटांवरच कोरल्या जातात असे नव्हे; काही तारेवरून वाहतात आणि त्या वाचण्याचा हक्कही कोणीतरी झगडूनच मिळवलेला असतो.