रिकामं पिंप

मागच्या महिन्यात मी एक सर्व्हर पुसून टाकला. यादीत त्याच्यापुढे 'अनयूज्ड' लिहिलेलं, म्हणून आत डोकावलोच नाही. आत एका सहकाऱ्याचं तीन आठवड्यांचं काम होतं. बॅकअप नव्हता. तेव्हापासून बेंजामिन ली व्हॉर्फ डोक्यातून जात नाहीये.

व्हॉर्फ म्हणजे आपल्यासारखाच नोकरदार इंजिनिअर. १९१८ साली एमआयटीतून केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि हार्टफर्डच्या विमा कंपनीत आगी का लागतात ते तपासायला लागला. भाषाशास्त्र हा नोकरी सांभाळून केलेला उद्योग. १९३१ पासून तो येलमध्ये एडवर्ड सपीरकडे शिकला. आगी तपासताना त्याला एक गंमत दिसली. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागायचे, पण 'रिकाम्या' पिंपांजवळ खुशाल सिगारेट ओढायचे. खरं तर धोका रिकाम्यातच जास्त, कारण आत वाफ उरलेली असते. 'रिकामं' या शब्दाने घात केला!

इथपर्यंत ठीक. पुढे मात्र गडी वाहवत गेला. अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळाचे शब्द नाहीत, व्याकरणात रूपं नाहीत, म्हणून त्यांना आपल्यासारखा वाहता काळ जाणवतच नाही, असं त्याने लिहून टाकलं. १९४१ साली, ४४व्या वर्षी, तो गेला. कल्पना मात्र जगली. शेवटी १९८३ साली एकेहार्ट मालोत्की यांनी ६००हून जास्त पानांचं पुस्तक काढलं आणि होपीतले काळाचे शब्दप्रयोग ढिगाने मांडले. भविष्यकाळाच्या प्रत्ययासकट!

एवढ्या लांब जायचीही गरज नव्हती म्हणा. आपला 'परवा' घ्या. होऊन गेलेला दिवस आणि यायचा दिवस, दोन्हींना एकच शब्द. म्हणून कुणाची परवाची गाडी चुकलीये का? क्रियापद सांभाळून घेतं.

मग भाषा नेमकं करते काय? रोमन याकबसन यांनी १९५९ साली छान सांगितलं: भाषाभाषांत खरा फरक काय बोलता येतं यापेक्षा काय बोलावंच लागतं यात असतो. कॉलवर 'वुई विल फिक्स इट' म्हणून सुटता येतं. मराठीत 'आपण करू' की 'आम्ही करू', हे ठरवावंच लागतं. समोरच्याला धरायचं की वगळायचं, हा प्रश्न टळत नाही.

असो. मी पाटी वाचली, झाकण उघडलं नाही. त्यात भाषेचा दोष थोडा, माझा जास्त.

सहकारी ऐकून दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "चल, आपण परत करू."

'आम्ही' म्हणाला असता, तर जास्त लागलं असतं.